हळू म्हणालीस तेव्हा

तोंगयोंग
११ मार्च

प्रिय ताई,

मी बरी आहे. तूही बरी असशील असं धरून चालते, कारण तू कळवत नाहीस, आणि हे-वॉनला विचारलं तर ती "आईलाच विचार ना, मावशी" म्हणून फोन ठेवते. तुझी लेक अगदी तुझ्यावर गेलीय.

आमच्या हमामात नवा बॉयलर बसला. मालकीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला तो दाखवायला नेतात, जणू घरात सून आणलीय. परवा बाजारात रानदवण्याचा कोवळा पाला दिसला, म्हणून चपट्या माशाचं सार केलं. तुझ्या हातचं होतं तसं नाही झालं. तू पाला शेवटी घालतेस की मासा शिजत असताना, हे मला साठी ओलांडली तरी लक्षात राहत नाही.

बाकी माझा बाक आणि मी. नववर्षाच्या सणाच्या आधीच्या आठवड्यात दिवसाला वीस-वीस अंगं घासली. बाया म्हणतात, मल-सुनच्या हाताखालून उठलं की चार किलोंनी हलकं वाटतं. मी म्हणते, तीन किलो मळ आणि एक किलो सासू. हसतात बिचाऱ्या. तू मात्र सणाला आली नाहीस. त्याच्या आधीच्याही सणाला आली नव्हतीस. दोन बस बदलून यायचं म्हणजे त्रास आहेच, मला कळतं.

आता एक गंमत सांगते. हसलीस तरी चालेल.

गेल्या सप्टेंबरपासून बादली उचलली, खोकला आला, नाहीतर मोठ्याने हसले की मला थोडी लघवी व्हायला लागली. आमच्या धंद्यात अंगावर सदा पाणीच, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. मीही मनावर घेतलं नाही. वय झालं, दोन पोरं काढली, चालायचंच. पण नोव्हेंबरात बाजारातल्या बायांबरोबर सहलीला गेले. बसमध्ये कुणीतरी नवऱ्याची नक्कल केली आणि मी खदाखदा हसले. बसची सीट काही हमाम नव्हे, ताई. उतरताना मी कोट कमरेला बांधून उतरले आणि परतीच्या वाटेत एकदाही हसले नाही. मी. विचार कर.

मग तोंड वर करून बायकांच्या दवाखान्यात गेले. तिथे फिजिओथेरपीची एक खोली आहे, तिथे यून-सल नावाची मुलगी आहे. वय असेल तेहेतीस. मला पहिल्या दिवशीच मावशी म्हणाली. मी म्हटलं, "मला काय ते व्यायाम सांग आणि सोड, बारा वाजता माझं गिऱ्हाईक आहे." ती म्हणाली, "आधी तुम्ही कसं घासता ते दाखवा, मावशी."

मी तिच्या उशीलाच घासून दाखवलं. तिने माझ्या पोटावर हात ठेवला नि म्हणाली, "श्वास कुठे गेला?"

खरंच, श्वास नव्हता. तीस वर्षं मी श्वास कोंडून घासत आलेय. तिने समजावलं की कमरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, तिच्यावर मूत्राशय, गर्भाशय सगळं विसावलेलं असतं. श्वास कोंडून जोर लावला की तो सगळा जोर त्या झोळीवर येतो. मी म्हटलं, "मग ती आवळायची ना? येतं मला." आवळून दाखवलं, तर ती म्हणाली, "तुम्ही आवळत नाही आहात, खाली ढकलताय." आयुष्यभर जे घट्ट समजत होते ते उलटंच निघालं. श्वास सोडताना हळूच वर ओढायचं, मग पूर्ण सैल सोडायचं, आणि सैल सोडणं सगळ्यात अवघड. मला तीन आठवडे लागले. बादली उचलण्याआधी मी आता श्वास सोडते, खालून वर ओढते, मग उचलते. फेब्रुवारीपासून कोरडी आहे. खोकते, हसते, परवा मालकीणबाईंच्या कुत्र्यामागे धावलेसुद्धा.

हे तुला का सांगतेय? हे-वॉन एकदा बोलून गेली की तू हल्ली बसचा लांबचा प्रवास टाळतेस, वाटेत थांबायला मिळणार नाही म्हणून. तुझ्यासारख्या ऑपरेशननंतर तसं होतं म्हणे. त्यालाही उपाय असतो, यून-सलने सांगितलं. लाजू नकोस. आपण दोघी एकाच टबात वाढलो.

त्या खोलीत शेजारी पडदा असतो. पडद्यापलीकडे एक बाई यायची, तुझ्याच वयाची, सुजलेल्या पायाची. यून-सल तिच्या पायावर काय करते ते मी एक दिवस पाहिलं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. गिऱ्हाईक आलं वाटतं.

तब्येतीला जप. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मल-सुन


तोंगयोंग
२९ मार्च

ताई,

काल हे-वॉनचा फोन आला. म्हणाली, "धाकटी मावशी, आईने तुझं पत्र तीनदा वाचलं. मग म्हणाली, हिने बॉयलरचं लिहिलं, माशाचं लिहिलं, स्वतःच्या मुताचंसुद्धा लिहिलं. एक गोष्ट तेवढी लिहायची राहिली."

बरोबर आहे तुझं. गिऱ्हाईक वगैरे कुणी आलं नव्हतं.

तर तुझा डावा पाय.

मागच्या वर्षी नववर्षाच्या सणाच्या आदल्या दिवशी तू माझ्या बाकावर पडलीस. गर्भाशयाचं ऑपरेशन झालेलं, जांघेतल्या-ओटीपोटातल्या गाठी काढलेल्या, त्यामुळे पाय मांडीपासून सुजलेला. सहा-सात बाया पाळीची वाट बघत बसल्या होत्या. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "हे पाणी आहे ना, आत्ता उतरवून दाखवते." आणि हिरवी घासणी हातात घालून घोट्यापासून वर जोराने घासायला लागले.

तू म्हणालीस, "मल-सुन, हळू." मी जोर वाढवला. दुसऱ्यांदा म्हणालीस तेव्हा मी बायांकडे बघून म्हटलं, "आमची ताई नामहेला नांदायला गेली तेव्हापासून लोण्याची झालीय." त्या हसल्या. तिसऱ्यांदा तू माझं मनगट धरलंस. मी ते सोडवून घेतलं आणि पाय पुरा केला. आमच्या धंद्यात अर्धं अंग घासून कुणाला उठवत नाहीत, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुला हुडहुडी भरली. पाय लाल, कढत. आठ दिवस दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, कातडीला ओरखडे कसे आले, तेव्हा मी सगळ्यांना एकच सांगितलं. नर्सला, हे-वॉनला, भाऊजींना. पाण्याच्या आवाजात ताईचं मला ऐकू आलं नाही. तू खाटेवरून माझ्याकडे पाहिलंस आणि तोंड भिंतीकडे केलंस. खोटी म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

मला ऐकू आलं होतं, ताई. तिन्ही वेळा.

का थांबले नाही, याचा मी खूप विचार केलाय. बायांसमोरचा तोरा होताच. दुसरं म्हणजे राग होता. तुझं एवढं मोठं ऑपरेशन झालं आणि मला तीन महिन्यांनी कळवलंस, तेही फोनवर, वाळवलेल्या मासळीचं बोलता बोलता. आणि तो पाय बघून मी घाबरले. मी घाबरले की जोर लावते, दुसरं मला काही येतच नव्हतं.

पडद्यापलीकडच्या त्या बाईनेच मला आत बोलावलं. म्हणाली, "या ना, बघा, तुम्हीही हाताचंच काम करता." यून-सलने पायाला हातच लावला नाही आधी. मानेपाशी, काखेपाशी, पोटावर, मग मांडीच्या वरच्या अंगाला, आणि पाऊल सगळ्यात शेवटी. वरची वाट मोकळी नसेल तर खालचं पाणी जाणार कुठे, म्हणाली. आणि हात किती हलका. मी म्हटलं, "अगं, याने माशीसुद्धा उठायची नाही." तिने माझ्या दंडावर हात ठेवून दाखवला. कातडी नुसती सरकली आणि परत आली, बस. ती म्हणाली, "लसिकेच्या, म्हणजे अंगातलं हे पाणी वाहून नेणाऱ्या वाटा कातडीच्या लगेच खाली असतात, मावशी, फार नाजूक. जोर लावला की मिटतात. आणि ओरखडा आला की तिथूनच ताप शिरतो."

मी तिथेच स्टुलावर बसले. मग तिला सगळं सांगितलं. ती "जाऊ दे हो, मुद्दाम नव्हतं केलं" असं म्हणाली नाही, म्हणून ती मला आवडते. तिने एवढंच विचारलं, "तुमच्या ताईकडे आता कोण बघतं?"

तुझी सख्खी बहीण, आणि मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून दर मंगळवारी मी तिच्याकडे जाते. माझा व्यायाम झाला की ती तिच्या स्वतःच्या हातावर मला तो हलका हात शिकवते. पहिले दोन महिने नुसती बोलणी खाल्ली. "मावशी, घासू नका. मावशी, तुम्ही परत घासताय." आता परवा डोळे मिटून पडली होती, म्हणाली, "हं, हा हात आला." तीस वर्षांत कुणाच्या शाबासकीने मला रडू आलं नव्हतं.

हमामातही बदललेय. कुणाच्या अंगावर ऑपरेशनची खूण दिसली की आधी विचारते, कुठलं, गाठी काढल्या का. हो म्हणाली तर त्या बाजूला घासणी लावत नाही. दोघी-तिघी रुसून शेजारच्या हमामात गेल्या. जाऊ देत.

आता नीट ऐक. ९ एप्रिलला मंगळवार आहे, हमाम बंद. मालकीणबाईंनी किल्ली द्यायचं कबूल केलंय. टबात पाणी कोमट ठेवीन, कढत नाही. तुझ्या पायाला ते चालत नाही, आता मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी यून-सलकडे तुझं नाव घातलंय. पायाचं माप घेऊन सूज दाबणारा घट्ट मोजा कसा घ्यायचा, पट्टी कशी बांधायची, ते ती बघेल. माझा हात तिच्या कामाची जागा घेऊ शकत नाही, एवढी अक्कल आलीय मला. बसचं म्हणशील तर हे-वॉनला गाडी काढायला सांगितलंय. ती हो म्हणाली, आणि फोन ठेवला नाही.

सव्वा वर्ष होत आलं, तू हमामात पाय ठेवलेला नाहीस असं कळलं. घरी मोरीत तांब्याने अंघोळ करतेस म्हणे, तू, जी लहानपणी टबातून निघायची नाहीस म्हणून आई ओरडायची. ते माझ्यामुळे. ते मला परत द्यायचंय.

मी आपणहून तुझ्या पायाला हात लावणार नाही. तू कोमट पाण्यात बस, मी काठावर बसेन. वाटलं तर माझी पाठ घासून दे. तुझ्या हातात घासणी असेल, हवा तेवढा जोर लाव, मी हूं म्हणणार नाही. त्यानंतर तुला वाटलं तर पाय पुढे कर. नाही केलास तरी चहा पिऊन आपण घरी जाऊ, आणि पाला कधी घालायचा ते तू मला परत एकदा दाखवशील.

पाय पुढे केलास, आणि एकदा जरी हळू म्हणालीस, तरी मी हात काढून घेईन.

तू हळू म्हणालीस ते तिन्ही वेळा ऐकलेली,
तुझी धाकटी
मल-सुन