बाचींच्या रकान्यात मी लिहिलेला शब्द

बाची, इतक्या उशिरा लिहितोय, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, आणि लिहितोय तेही मराठीत, जे तुम्हाला जिवंतपणी वाचता आलं नसतं. पण माझं इंग्रजी तुम्हाला ठाऊक आहे. दुकानात भाव विचारण्यापुरतं आणि मशीन अडलं तर ओरडण्यापुरतं. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला मनातलं नीट सांगायचं तर स्वतःचीच भाषा लागते. तुमच्याकडे आता वाचून दाखवणारं कुणीतरी असेल असं धरून चालतो. नसलं तर पंचाईत आहे, पण तीही काळजी मी आता करत बसत नाही. करायला दुसरी आहे.

ती अशी. मी हल्ली डब्लिनला, म्हणजे इथल्याच अमेरिकेतल्या, क्लीव्हलंडपासून दोन तासांवरच्या डब्लिनला, मुलाकडे असतो. माझी नात कॉलेजात आकड्यांचं शास्त्र शिकते. मागच्या आठवड्यात ती स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसली होती आणि मी मटार सोलत होतो. मला म्हणाली, "आजोबा, तुमच्या त्या बाचींची माणसं बघायची आहेत का? प्रोजेक्टसाठी मी हंगेरियन लोक घेतलेत." तुमच्या गोष्टी ऐकून ऐकून तिनं ते निवडलं होतं. मला इतका आनंद झाला की हातातले दाणे सालांत टाकले. पडद्यावर दोन ओळी होत्या. शिक्षण किती, कमाई किती, घर स्वतःचं की भाड्याचं, वय काय, असं सगळं समोरासमोर मांडलेलं. एक ओळ हंगेरियन. मी विचारलं, दुसरी कुणाची? ती म्हणाली, "युरोपियन. म्हणजे जे लोक कुठल्याच देशाचं नाव लिहीत नाहीत, फक्त युरोपियन लिहितात, ते." बाची, मी मटारांचं ताट बाजूला सारलं. तुम्ही कुठल्या ओळीत आहात हे जगात मला एकट्यालाच माहीत आहे.

ते सांगायचं तर क्लीव्हलंडच्या त्या शेडपासून सांगावं लागेल. बायको नर्स, तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली, आणि तिच्यामागून मी आलो. कोल्हापूरच्या कारखान्यात मी टर्नर होतो आणि बरा टर्नर होतो, पण इथं कुणी लेथला हात लावू देईना. तुम्ही लावू दिलात. पहिल्या दिवशी मी केलेला तुकडा तुम्ही हातात घेतलात, डोळे मिटून अंगठ्यानं चाचपलात आणि भंगारात टाकलात. दुसराही. पाचवा खिशात ठेवलात. मोठ्या माणसाला नावानं हाक मारणं माझ्याच्यानं होईना, म्हणून मी काका म्हणालो. तुम्ही मशीन बंद करून विचारलंत, "काय म्हणालास?" मी पुन्हा म्हणालो. तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तुमच्याकडे तान्ह्या मुलाच्या लंगोटात जे सापडतं त्याला म्हणे तसंच म्हणतात. "त्यापेक्षा बाची म्हण," तुम्ही म्हणालात. "आमच्यात थोरल्याला बाची म्हणतात, आणि वासही येत नाही."

जेवणाच्या सुट्टीत तुमच्या डब्यात लाल रस्सा असायचा आणि माझ्याही. तुम्ही माझी कांदा-लसणाची चटणी चाखलीत, घटाघटा पाणी प्यायलात, मग म्हणालात, "ही खाऊन तुम्ही लोक कामावर कसे येता?" पुढच्या सोमवारी तुम्ही पाप्रिकाची, म्हणजे तुमच्याकडच्या लाल तिखटाची, पुडी आणलीत, मी चटणीची बरणी आणली, आणि ती देवाणघेवाण तुम्ही निवृत्त होईपर्यंत चालली. तुमच्या देशात रणगाडे आले तेव्हा तुम्ही एका पिशवीनिशी पायी सरहद्द ओलांडली होती, हे मला त्या डब्यांवरच कळलं. पिशवीत काय होतं, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "एक सदरा, पाव आणि कानस. सदरा विकला, पाव खाल्ला. कानस ही बघ." ती कानस तुमच्या टेबलावरच होती.

आणि ते दाराजवळचं टेबल. आपल्या शेडचा तो रिवाज मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही. प्रत्येकाचा स्वतःचा ठसा होता, माझा त्रिकोण. ज्याचा तुकडा बिघडेल त्यानं त्यावर आपला ठसा मारायचा आणि सकाळी सगळे आत येतील तेव्हा दिसेल असा तो त्या टेबलावर ठेवायचा. कुणी हसायचं नाही. तुम्ही येऊन तो उचलायचात, काय चुकलं ते सांगायचात आणि भंगारात टाकायचात. संपलं. मला मात्र ते जमेना. कोल्हापुरात मी वेगळं शिकून आलो होतो. तिथं आमच्यातल्या माणसाची चूक ही नुसती त्याची चूक नसे, सगळ्या जातीची असे. म्हणून एकदा मापाला बारीक झालेला एक तुकडा मी चांगल्या तुकड्यांच्या खोक्यात, मधोमध, दडवला. संध्याकाळी तुम्ही खोक्यात हात घातलात आणि न बघता तोच बाहेर काढलात. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "बिघडला, त्याचं काही नाही. माझेही बिघडतात. पण दडवलेला तुकडा दडून राहत नाही. तो कुठल्यातरी यंत्रात जाऊन बसतो, आणि मग तिथं कुणाची तरी बोटं जातात. जा, ठसा मार." मी ठसा मारला. तेव्हा माझी पस्तिशी उलटली होती आणि मला रडू येत होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तुमच्या हातचा पोलादी गुण्या दिलात, काटकोन बघायचा. "तुझ्या डोळ्याला भीती वाटते," म्हणालात, "याला वाटत नाही." तो अजून माझ्या कपाटात आहे. मुलगा भिंतीवर काही टांगायला लागला की मी तो घेऊन उभा राहतो, आणि सून म्हणते, "बाबा, इट्स फाइन, सरळच आहे."

तुमच्या चर्चच्या तळघरातले ते रविवार मला आजही दिसतात. लांब टेबलं, कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात, बायकांची गडबड. तुम्ही माझ्या कानाशी लागून एकेकाची ओळख करून देता आहात. हा तिकडे वकील होता, इथं येऊन फरशा पुसल्या, त्याची मुलगी डॉक्टर आहे. ती विधवा, शिवणकामावर तिघांना कॉलेजात घातलं. शनिवारी सकाळी त्याच तळघरात मुलं जांभया देत तुमची अक्षरं गिरवायची. मी मनात म्हणायचो, काय माणसं आहेत ही! आली रिकाम्या हातांनी, वर आली, आणि आपण कोण हे एकदाही लपवलं नाही. आम्हाला हे कधी जमेल? मला तुमचा हेवा वाटायचा, बाची, पण तो चांगल्या जातीचा हेवा होता.

तुमच्या शेजारच्या बाई आठवतात ना? मोठं घर, दोन गाड्या, मनानं फार चांगल्या, ॲपल पाय करून आणायच्या. तुम्ही कुंपणावरून विचारलं होतंत, "तुमची माणसं मूळची कुठली?" त्या म्हणाल्या, "कोण जाणे. सगळीकडची थोडी थोडी. जस्ट युरोपियन." तुम्ही म्हणालात, "युरोपियन सूप कधी प्यायलात का?" त्या हसल्या. तुम्ही सोडेनात. "बरं, तुमची आजी रागावायची ती कुठल्या भाषेत?" त्या म्हणाल्या, "इंग्रजीत. आणि भरपूर." मग तुम्हीही हसलात, पण आत आल्यावर मला म्हणालात, "हिच्याकडे सगळं आहे. फक्त पत्ता हरवलाय."

त्यानंतर काही वर्षांनी तो सरकारी फॉर्म आला. तुमची पत्नी गेलेली, तुमचे हात थरथरायला लागलेले. मी शनिवारी तुमच्याकडे यायचो. तुम्ही टेबलापाशी बसवून मला म्हणालात, "तू लिही, मी सांगतो." नाव, वय, घर, सगळं लिहिलं. मग आलं, तुमचा वंश काय, तुमचे लोक मूळचे कुठले. पुढं रिकामा रकाना. तुम्ही खुर्चीत ताठ झालात आणि म्हणालात, "हंगेरियन. ठळक लिही. आम्ही किती आहोत ते त्यांना कळू दे." आणि चहाचं पाणी ठेवायला उठलात.

आता ऐका. माझे वडील बौद्ध झाले तेव्हा मी लहान होतो. पुढं शिरगणतीचा माणूस दारात आला. वडिलांनी छाती काढून सांगितलं, बौद्ध लिहा. त्यानं मान डोलावली, कानावरची पेन्सिल काढली आणि ते एवढंच उत्तर पेन्सिलीनं लिहिलं. बाकीचं सगळं शाईनं होतं; पेन्सिलीचं नंतर खोडून दुसरं लिहिता येतं. वडिलांना वाचता येत नव्हतं. मला येत होतं. मी बोललो नाही. नंतर कोल्हापुरात खोली भाड्यानं घेताना घरमालकानं आडनाव विचारलं तेव्हा मी भलतंच सांगितलं, आणि दोन वर्षं त्या खोलीत भीत भीत राहिलो. कागदावर खरं लिहिलं की ते आपला माग काढत येतं, एवढंच मला त्या वयात कळलं होतं. तुमच्या टेबलाशी बसल्यावर तीच भीती माझ्या मानगुटीवर बसली. वाटलं, हा म्हातारा एकटा राहतो. उद्या कुणी म्हणालं, बाहेरून आलेले वेगळे काढा, तर? तुमच्या गावात एकदा याद्या घेऊन माणसं दारोदार आली होती, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. शेजारच्या बाईंकडे कोण येणार होतं? मी पेन उचललं आणि युरोपियन लिहिलं. ठळक, तुम्ही सांगितलं होतंत तसं. तुम्ही चहा घेऊन आलात, तुमच्याजवळ चष्मा नव्हता. मी दाखवलं तिथं सही केलीत आणि मला म्हणालात, "नीट काम केलंस."

तुमच्या अंत्यविधीला तुमची मुलगी मला मिठी मारून म्हणाली, "डॅडनी चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं, मोजणीत मी आलो, माझ्या माणसानं लिहिलं." मी खाली बघितलं. त्या दिवशी बर्फ पडत होता, सगळेच खाली बघत होते.

मागच्या आठवड्यात नातीला मी आडून आडून विचारलं, "एखाद्यानं चुकीचं लिहिलं तर? एका माणसानं काय फरक पडतो?" ती म्हणाली, "आजोबा, या सर्व्हेत सगळ्यांना विचारत नाहीत. थोड्यांना विचारतात. सो एकेक माणूस बाकीच्या कितीतरी जणांच्या वतीनं उत्तर देतो." म्हणजे मी तुम्हा एकट्याला नाही, तुमच्यामागं उभ्या असलेल्या त्या सगळ्यांना कुंपणापलीकडं नेऊन बसवलं! ती म्हणाली, "पण हे आकडे आत्ताचे आहेत. तुम्ही का घाबरताय?" मी म्हणालो, घाबरत नाही, मटार किडके निघाले. मग तिनंच सांगितलं की दोन्ही ओळी तशा जवळजवळच आहेत, शिक्षणात आणि कमाईत दोघांचंही बरं चाललंय, फक्त हंगेरियन ओळीतली माणसं वयानं जास्त आहेत. "खरी गंमत वेगळीच आहे," ती म्हणाली. "त्याच घरातली नातवंडं कदाचित दुसऱ्या ओळीत गेलेली असतील. नाव लिहायचं थांबलं की माणूस एका ओळीतून दुसरीत जातो. कोण पुढं गेलं हे मी मोजतेय, पण कोण आठवण ठेवतं हेच मोजलं जातंय." पोरगी हुशार आहे, बाची. तुम्ही तिला खिशात ठेवलं असतंत.

आणि आता तोच फॉर्म आमच्या घरी आलाय. या खेपेला आमचं घर निवडलंय. मुलानं सगळ्यांचं भरलं, माझा तो एक रकाना नातीनं माझ्यासाठी सोडलाय. "तुमचं तुम्ही सांगा, आजोबा." मी पटकन म्हणालो, इंडियन लिही, पुरे. ती माझ्याकडे बघत राहिली. "बाचींनी काय लिहिलं होतं?" तिनं विचारलं. मी उठून पाणी प्यायला गेलो. ती मला सगळं विचारते, बाची, पण माझे वडील त्या दारात काय म्हणाले होते, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते ती प्रोजेक्टात घालेल. नाही सांगितलं तर उद्या तिची मुलं त्या शेजारच्या बाईंसारखी हसून म्हणतील, कोण जाणे.

तुमच्या मुलीचा पत्ता माझ्याकडे आहे, पाकीटही आणून ठेवलंय. हे सगळं इंग्रजीत लिहून तिला कळवावं असं दहादा मनात आलं. होणार नाही माझ्याच्यानं. म्हणून हा तुकडा तुमच्याच टेबलावर ठेवतोय, त्रिकोण मारून. उचला आणि काय ते सांगा.

एक सांगायचं राहिलं. काल दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा मी तो फॉर्म काढला. काळ्या शाईच्या पेननं लिहा असं त्यावर छापलेलं आहे. माझ्या रकान्यात मी मराठी लिहिलं, आणि त्यापुढं, तिथं धर्म विचारत नाहीत हे माहीत असूनही, वडिलांचा शब्द लिहिला. पण पेन्सिलीनं. तुमच्याबद्दलचं खोटं मी शाईनं लिहिलं होतं. फॉर्म सोमवारी टपालात पडायचा आहे आणि पेन माझ्यासमोर आहे. बाची, रागावला असाल तर रागवा, पण लवकर कळवा. सोमवारच्या आत कळवा.