लाल वाळूतलं यान

डिमोना, बुधवार संध्याकाळ, १९६३

शुक्रवार काही लवकर येत नाही! मुलांच्या साप्ताहिकात परग्रहावरची नवी चित्रकथा सुरू होणार, आणि मी गिरणीतून आले तर बाबा फुगून बसलेले. जाहिरातीतल्या तीन चित्रांत म्हणे शेवटच सांगून टाकलाय. लाल वाळूत मोडलेलं यान, मग आभाळात यान, मग अंगणात सगळे आईजवळ. "परत आले सुखरूप! आता वाचायचं काय, कपाळ?"

परत आले? मला कळेचना. मग लक्षात आलं. इथे वाळवंटात येण्याआधी बाबा मुंबईच्या इंग्रजी कॉमिक्सवर वाढलेले. हिब्रू वाचायची उजवीकडून डावीकडे, पण हिब्रू अंकातली चित्रंही ते डावीकडूनच बघत गेले होते.

"बाबा, उजवीकडून बघा!"

त्यांचं बोट उलटं फिरलं. अंगणातला निरोप, उड्डाण, आणि शेवटी ती लाल वाळू. चेहरा असा खुलला!

"अगो, म्हणजे अडकलेत तिथेच! आपल्यासारखे, वाळूत!"

कुणाच्या अपघाताचा इतका आनंद करावा माणसाने? पण मलाही हसू आवरेना. खिडकीबाहेर आमची वाळूही उन्हं उतरताना लालच दिसत होती.

चपात्या लाटता लाटता आईने विचारलं, "मग शुक्रवारपर्यंत खाणार काय बिचारे?"