स्पंजची बरणी

१२ तारीख, मंगळवार, जेवणाची सुट्टी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आई बरी आहे. मीही बरीच म्हणायची. संग्रहालयात नवे पंखे बसलेत, त्यामुळे डॉल्फिनच्या सांगाड्यावर धूळ दुप्पट. पुसते झालं.

तुझं भाषण शेजारणीच्या मोबाइलवर ऐकलं, आईला जवळ बसवून. छान बोलतोस. डॉल्फिन आणि स्पंज, दोघेही प्राणीच, म्हणालास. पण एकाला मेंदू, काळीज, पिलांची माया, भटकायची हौस. दुसरा जन्मभर एका जागी चिकटून अंगात येईल ते पाणी गाळत बसतो. "आमची ताई या दुसऱ्या जातीतली!" केवढे हसले लोक.

आईने विचारलं, "कोणाबद्दल बोलतोय गं?"

"समुद्राबद्दल," म्हटलं.

चूक काही नाही रे त्यात. संग्रहालयात काचेवर लावलेली ती माहितीची चिठ्ठी माझ्याच हातची, लहानपणी तू तोंडपाठ केलेली. फक्त शेवटची ओळ खाल्लीस: काही डॉल्फिन तळाशी भक्ष्य उकरताना तोंड खरचटू नये म्हणून स्पंज उपटून तोंडावर चढवतात, आणि काम झालं की टाकून देतात.

नऊ वर्षांचा होतास, इथलीच स्पंजची बरणी फोडलीस. मला चिठ्ठ्या लिहायचं काम नुकतंच मिळालं होतं. "माझ्या हातून फुटली," मी साहेबांना म्हणाले. ते काम गेलं, पाच वर्षं फरशी पुसली.

असो. गेल्या पत्रात गुडघ्याचं ऑपरेशन लिहिलं, तर तुझं उत्तर आलं की सध्या डॉल्फिनांची मोजणी चालू आहे, एखादी बाई ठेव. गुडघा नाही रे. छातीत गाठ आहे. वीस तारखेला काढणार. आई परक्या हातचा घाससुद्धा घेत नाही, तुला ठाऊक आहे. पंधरा दिवस तिच्याजवळ राहशील का, एवढंच विचारायचं होतं. त्यासाठी दोन पत्रं लागली मला.

काल रागाच्या भरात आईला बरणीचं खरं सांगून टाकलं. वाटलं, निदान आता तरी माझ्या डोक्यावरून हात फिरवेल.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "पण त्याला बोलू नकोस हं. लहान आहे तो."

येणार असशील तर एकोणीसला संध्याकाळपर्यंत ये. किल्ली शेजारणीकडे आहे.

अजून जागेवरच असलेली,
तुझी ताई