बेल-भंडारा कोण उचलणार

२७ डिसेंबर

पायांचे तुकडे पडले. धैर्यशीलदादांच्या प्रचारासाठी सकाळपासून गल्ली न् गल्ली हिंडले. महिला आघाडीची अध्यक्ष म्हणजे काय, तर गळ्यात पक्षाचा पट्टा आणि हातात पत्रकांचा गठ्ठा! प्रत्येक दारात एकच वाक्य – दादा निवडून आले की कोपऱ्यावरचा रम्मी क्लब बंद.

शेजारची पूर्णिमा दारातच रडली. तिचा नवरा पगार झाला की आधी क्लबच्या पायऱ्या चढतो, मग घराच्या. म्हटलं, आता थोडेच दिवस. तर म्हणाली, "तुला काय गं विद्याश्री, तुझा नवरा देवमाणूस हाय." खरंच आहे. आमचे हे शिरोलीला फाउंड्रीत. शिफ्ट संपली तरी ओव्हरटाइम करतात. पत्त्यांना हात लावलेला मी तरी बघितला नाही. तिची कीव आली, आणि खोटं कशाला बोलू, जरा मानही ताठ झाली.

२९ डिसेंबर

दादांचा सगळा कारभार कृष्णातराव बघतात. आज प्रचार कार्यालयात त्यांना विचारलं, क्लब नक्की कधी बंद होणार? बायका तारीख मागतात. ते चहा ओतता ओतता म्हणाले, "वैनी, जाहीरनामा येगळा आन् कारभार येगळा. क्लबाचा कर सरकारला मिळतोय. मिळणारं कोण सोडतंय व्हय? आन् समोरच्या पक्षानं तरी काय केलं? परवाना त्यांच्याच काळातला हाय की."

म्हणजे दोघेही एकाच ताटात जेवतात आणि आमच्या दारात येऊन उपासाचं कौतुक सांगतात.

संध्याकाळी सभा. दादा म्हणाले, "कष्टकऱ्याच्या घरची चूल मी इझू देणार न्हाय." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हातांना सवय झाली आहे, काय करणार. घरी आल्यावर मात्र स्वतःचाच राग आला.

३१ डिसेंबर

भाकरी करपली. लक्ष कशातच नाही.

२ जानेवारी

आज बनाबाईंनी कमाल केली. गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई, पण तिच्यापुढे भल्याभल्यांचं चालत नाही. दादांना भर रस्त्यात अडवलं आणि म्हणाली, "भाषान पुरं झालं. महादेवाच्या देवळात येऊन बेल-भंडारा उचल. म्हण, क्लबाशी माझा कायबी संबंध न्हाय आन् तो मी बंद करणार. मग आमच्या समद्या बायकांची मतं तुला."

बेल-भंडारा उचलला की आमच्याकडे विषय संपला. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेऊन खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही. खोट्या शपथेचं फळ घरादाराला भोगावं लागतं, असं लहानपणापासून ऐकत आले. बाकी माइक हातात घेऊन काय वाटेल ते बोलणारे रोज बघते!

"उचलतो की आज्जी, सोमवारी," दादा म्हणाले. आणि रुमालानं घाम पुसला. एवढ्या थंडीत.

४ जानेवारी, रविवार

दादांनी बोलावून घेतलं. गाडीतून उतरलेही नाहीत. "ताई, उद्या मला जमणार न्हाय, घसा बसलाय. माझ्या वतीनं तुम्हीच उचला. बायकांचा तुमच्यावर इस्वास हाय." घसा चांगला ठणठणीत वाजत होता. मी सरळ विचारलं, क्लबशी तुमचा संबंध नाही ना? तर म्हणाले, "राजकारणात सगळ्यांशी संबंध ठेवावा लागतो, ताई." काच वर गेली आणि गाडी निघून गेली.

चीड आली. जनतेला हा माणूस घाबरत नाही, महादेवाला घाबरतो. आणि देवापुढे उभं कोणी राहायचं, तर मी!

काय करू? नाही म्हटलं तर बायका बिथरणार, दादा पडणार आणि क्लब तसाच राहणार. गल्लीभर शब्द मी दिला आहे. पूर्णिमाला काय तोंड दाखवू? आणि उचलला अन् खोटा निघाला, तर माझं घर आहे, पोर आहे. दिवसभर आत-बाहेर आत-बाहेर केलं. कपडे एकदा वाळत घातले, परत काढले, ओलेच.

जेवताना ह्यांना सांगितलं. घास हातातच राहिला त्यांच्या. "नगं उचलू."

का?

"उगंच. देवाच्या नादाला लागू नगं." ताटावरून उठले आणि ओव्हरटाइम आहे म्हणून बाहेर पडले.

रविवारी कसला ओव्हरटाइम, ते मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात उद्याचंच घोळत होतं. शेवटी ठरवलं, उचलायचा. दिलेला शब्द पाळायचा, पुढचं महादेव बघेल.

५ जानेवारी

देऊळ भरलं होतं. बनाबाईंनी ताट पुढे केलं. मी हात लावणार, तोच हे गर्दीतून आले आणि माझं मनगट धरलं. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "उचलू नगं, विद्या. क्लब दादांचाच हाय, मेव्हण्याच्या नावावर. मी रोज तिथंच बसतोय, म्हणून मला म्हाईत हाय."

पूर्णिमानं मला हाताला धरून घरी आणलं.