एकटीच्या नावावरचं घर

आबा, घर घेतलं. परदेशात, चार खोल्यांचं, मागे थोडी हिरवळ असलेलं. तुम्ही असतात तर पहिलाच प्रश्न विचारला असतात, नावावर कुणाच्या? तर माझ्या. एकटीच्या. इथे बाहेरून आलेल्या माणसाला घर घ्यायचं तर कायम राहण्याचा परवाना लागतो. माझा आला होता, तुमच्या जावयाचा अडकला होता. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत. सांगलीचा आहे, हळदीच्या पेठेत वाढलेला, भांडतानाही आवाज न चढवणारा. वकीलबाई म्हणाली, थोडे महिने थांबलात तर दोघांच्या नावावर होईल. तो थांबायला तयार होता. मी म्हटलं, थांबलो तर घर हातचं जाईल. ते कुठेही जाणार नव्हतं आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. मी सही केली आणि त्याने घरी केलेला पेढा माझ्या तोंडात घातला.

कराडजवळच्या आपल्या घराला आतून लावायचा अडसर होता, बाभळीचा, तुमच्या मुठीत नेमका बसणारा. चोराचिलटाच्या भीतीने केलेला, पण दिवसा तुम्ही त्याला दुसरं काम लावलं होतंत. पलटणीतून निवृत्त झालेला माणूस, दारूच्या थेंबाला शिवत नाही, म्हणून गाव तुमचा दाखला द्यायचं. प्यायला असतात तर निदान दारूला शिव्या घातल्या असत्या. तुम्ही पूर्ण शुद्धीत मारायचात. भाकरी करपली, म्हशीने दूध चोरलं, पाहुण्यांसमोर आई तुमच्याआधी बोलली, काहीही पुरायचं. पाठीवर, मांड्यांवर, पोटऱ्यांवर. मारून दमलात की दंडाला धरून तिला उंबऱ्याबाहेर ढकलायचात. "घर माझ्या नावावर हाय. निघ भायेर." मग अडसर पुन्हा दाराला. ती भर उन्हात ओट्यावर बसून राहायची, अनवाणी, आणि गल्ली येता-जाता बघायची. शेजारच्या काकू एकदाच मध्ये पडल्या. "आवं भावजी, मरंल की ती!" तुम्ही म्हणालात, "मेली तर माझ्या दारात मरंल. तुमी तुमच्या चुलीकडं बघा." त्या परत आल्या नाहीत.

आणि तो ग्रामसेवक आला तो दिवस. दुपारची वेळ आहे, मी सहावीत आहे, ओट्यावर भूगोलाचा नकाशा रंगवते आहे. ग्रामसेवक सांगतोय की आता घराला नवरा-बायको दोघांचीही नावं लावता येतात. आतून आई म्हणते, "मग लावा की माजं बी." एवढंच. हसतच म्हणते. तुम्हीही हसता. त्याला चहा पाजता, उसाच्या तोडीबद्दल बोलता, वेशीपर्यंत सोडायला जाता. परत येऊन चपला काढता, एकीशेजारी एक नीट ठेवता आणि दाराचा अडसर उपसता. तिने डोक्यावर उजवा हात धरला म्हणून डोकं वाचलं. मनगटाचा आवाज मी ओट्यावर ऐकला. वाळकी काटकी मोडावी तसा, अगदी साधा. कराडच्या डॉक्टरला तिने विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले म्हणून सांगितलं. तुम्ही शेजारी उभे होतात आणि म्हणालात, "बघून चालत न्हाई ती." तेव्हापासून तिची भाकरी एका बाजूला जाड होते. तीच भाकरी तुम्ही मरेपर्यंत खाल्लीत.

मला मात्र तुम्ही कधी बोट लावलं नाहीत, ही सगळ्यात मोठी अडचण. मला तुम्ही आवाज दिलात. शाळेच्या संचलनात मला पुढे उभं केलं तेव्हा कृष्णेच्या काठी नेऊन माझ्याकडून हुकूम घोटून घेतलेत. "घशातनं न्हाई, पोटातनं काढ. ऐकणारा जागचा हालला न्हाई पायजे." मी ओरडायची, पलीकडच्या काठावरची गुरं माना वर करायची आणि तुम्ही खुशीत पाठ थोपटायचात. त्याच हाताने. मला तो हात आवडायचा, आबा. याबद्दल मी तुम्हाला कधीच माफ केलं नाही.

तर आता इथे. वास्तुशांतीला आई आली आहे. गेल्या शनिवारी स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटते आहे, ती खुर्चीवर बसून गवार मोडते आहे. तुमचा जावई टपाल घेऊन आत आला. परवाना मिळाला होता. लहान पोरासारखा हसत म्हणाला, "आला गं एकदाचा! आता माझंही नाव लावून घेऊया की घराला." मी लाटणं फेकलं. ते त्याच्या कानाजवळून जाऊन फरशीवर आदळलं, फरशी तडकली. आणि मी, जी इतकी वर्षं त्याच्याशी शुद्ध पुस्तकी मराठीत बोलते, पोटातून ओरडले, "घर माझ्या नावावर हाय. निघ भायेर!"

तो जागचा हलला नाही. आई हलली. तिने गवारीची परात खाली ठेवली, पदर सारखा केला आणि पुढचं दार उघडून बाहेर पायरीवर जाऊन बसली. अनवाणी. बाहेर थंडी हाडं फोडत होती. मी धावले. "आई, तुला नाही गं म्हटलं! आत चल." तिने डाव्या हातात उजवं मनगट धरलं होतं आणि ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. म्हणाली, "तुजं झालं की सांग. मग येती आत."

शेवटी त्याने तिला आणलं. शाल घेऊन गेला, शेजारी बसला, काय बोलला माहीत नाही. मी दारातच उभी होते, चौकटीला हात लावून, आणि त्या दोघांना आत येता यावं म्हणून मला बाजूला व्हावं लागलं. सोमवारी वकीलबाईकडे जायचं आहे. त्याचं नाव लागेल. तो म्हणतो, तुला नको असेल तर राहू दे, आणि असं म्हणताना माझ्या हातांकडे बघतो. पूर्वी बघत नव्हता.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही ते बरंच आहे, नाहीतर तुम्ही पाठ थोपटली असतीत. आईलाही वाचून दाखवणार नाही, कारण एक गोष्ट तिला कळता कामा नये. लाटणं आदळलं, तो गप्प झाला आणि आई अजून खुर्चीवरून उठायची होती, त्या तेवढ्या वेळात मला बरं वाटलं, आबा. लय बरं वाटलं.