परवाचा पुरावा

३ मार्च १९५८. दुपार.
आजपासून ही वही कादंबरीसाठी. सोलापूरच्या दादानं पाठवलेल्या मासिकात एका विलायती रहस्यकथाकार बाईंच्या वह्यांवर लेख आलाय. वर खून, त्याच पानावर खाली धोब्याचे कपडे. खुनी चार वेळा खोडलेला. बाईंच्या कलेचं मर्म म्हणे या वह्यांतच आहे. मी माझी किराण्याची वही काढून पाहिली. "तूरडाळ दोन शेर. प्रेत विहिरीत नको, पाणी सगळ्यांचं." म्हणजे अर्धी कला आधीच हातात आहे.

पुण्याच्या एका प्रकाशकानं रहस्यकादंबरीची स्पर्धा लावली आहे. ३१ जुलैच्या आत पोचली पाहिजे. पहिली येईल ती छापणार, वर लेखिकेचं नाव. चव्वेचाळीस वर्षांत माझं नाव एकदाच छापून आलं, लग्नपत्रिकेत. तिथंही शामलाची शामल झाली होती.

१० मार्च.
कुणाला सांगायचं नाही. यांना सांगितलं, पण ते सांगण्यात धरत नाही. यांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूत. पोलीस ॲक्शननंतर कचेरीत मराठी आलं तेव्हा मीच यांना पाटीवर ग-म-भ-न गिरवायला लावलं. आता कचेरीपुरतं वाचतात. कादंबरी यांना काय झेपणार. नुसते "हं" म्हणाले.

१९ मार्च.
खुनी ठरला! तहसील कचेरीतला कारकून. (हे तिथंच कारकून असल्यामुळं माहिती आयती.) वहीत लिहिलं: "याच्यावर संशय येणार नाही, कारण याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघतच नाही. घरात असला काय, नसला काय." मागच्या बाजूला टक्कल. चहा बशीत ओतून तीनदा फुंकतो. जानव्याच्या किल्लीनं कान कोरतो. पात्र पूर्ण काल्पनिक. कल्पनाशक्ती एकदा सुटली की आवरत नाही.

२ एप्रिल.
मुख्य पुरावा भेंडी चिरताना सुचला. 'परवा'. आपला परवा मागंही असतो आणि पुढंही. कारकुनाच्या टेबलावर चिठ्ठी: "परवा लोहाऱ्याला." पोलीस समजतात, लोहारा गावाला जाऊन आला. तो तर जायचाच असतो. एका शब्दावर अख्खा गाव फसतो. विलायती बाईंना हे सात जन्मांत सुचणार नाही.

दुसरी युक्तीही लिहून ठेवली. कागद लपवायचा तर कागदांत. कचेरीच्या दप्तरात लाल रुमालात बांधून टाकला की संपलं.

१८ एप्रिल.
वहीचं एक पान दुमडलेलं सापडलं. मी पानं दुमडत नाही. घरात कुणीतरी वाचतंय.

संशयित एक: सारजाबाई, धुणंभांडी करते. निरक्षर. पण निरक्षर असल्याचं सोंगही असू शकतं. संशयित दोन: शेजारची फरिदाबी. तिचा हनीफ यांच्याच कचेरीत चपराशी. रोज भिंतीवरून विचारते, "भाभी, आज कोण मेलं?" लिहिताना मी मोठ्यानं बोलते असं तिचं म्हणणं. फाजील चौकशी.

उपाय केला. वही ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, किल्ली यांच्या जानव्याला. आता बघू कोण वाचतं.

२५ एप्रिल.
सारजाबाईची परीक्षा घेतली. "सारजाबाई, मागं साप आहे" असं ठळक लिहून कागद तिच्यासमोर ठेवला. तिनं तो चुरगाळून बंबात घातला आणि म्हणाली, बाई, आजून हाय का असला कागुद, झ्याक पेटतोय. एकतर बाई निरक्षर, नाहीतर फार धीराची. नाव खोडलेलं नाही.

१७ मे.
पान पुन्हा दुमडलेलं. कुलूप शाबूत. म्हणजे चोर पट्टीचा आहे. फरिदाबीवरचा संशय पक्का.

२० जुलै. रविवार.
झाली. २१२ पानं. नक्कल नाही. कार्बन इथं उमरग्यात मिळेना आणि मला दम निघेना. गठ्ठा यांच्या हातात दिला. पोस्ट कचेरीला लागूनच आहे, रजिस्टर करा म्हटलं. साडेचार महिन्यांत यांनी एकदाही विचारलं नाही, कथा कशाची. जरा लागलं मनाला. पण उर्दूत शिकलेला माणूस, सोडून दिलं.

२३ जुलै. बुधवार.
जेवताना विचारलं, पार्सलचं काय झालं. हे म्हणाले, "परवा." आणि ताकाचा भुरका मारला. म्हणजे सोमवारीच टाकलं! कामाला किती चोख माणूस. उगीच नावं ठेवते मी. संध्याकाळी पुरणपोळी केली. हे एकच खाऊन उठले.

५ ऑगस्ट.
फरिदाबी भिंतीवरून: "भाभी, गठ्ठा गेला का तुमचा? हनीफ काय म्हणतो..." मी तोडूनच टाकलं. म्हटलं, केव्हाच गेला, मी विचारलं तेव्हाच हे 'परवा' म्हणाले. तर विचारते, "कुठला परवा?" शिक्षण नसलं की असं होतं.

२ सप्टेंबर.
पोच नाही. पोस्टात गेले. पोस्टमास्तर शिवलिंगप्पांनी चष्मा लावून जुलैचं बुक पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवलं. म्हणाले, "तुमचं काय बी गेलं न्हाय बघा बाई. बुकात न्हाय म्हंजे न्हाय." चेहरा इतका सरळ की तिथंच ओळखलं. बुक बदललेलं आहे.

सोलापूरच्या वरच्या साहेबांना चार पानी तक्रार लिहिली. यांना वाचून दाखवली. यांनी कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाले, राहू दे, शिवलिंगप्पा भला माणूस आहे. यांना जगात सगळे भलेच दिसतात. मी माणसं ओळखते, हे ओळखत नाहीत. आमच्या संसारातली हीच एक अडचण.

१० नोव्हेंबर. दिवाळी.
निकाल छापून आला. नागपूरचे कुणी गृहस्थ. खाली पोचलेल्या एकतीस कादंबऱ्यांची यादी. तीन वेळा वाचली. शामल म्हणूनसुद्धा नाही.

अनारसे बिघडले.

११ नोव्हेंबर. संध्याकाळ.
फरिदाबी फराळाचं ताट परत द्यायला आली. आज भिंतीवरून नाही, दारातून. आणि बसली. म्हणाली, "भाभी, रागवू नका. मी श्रावणापासून सांगायला बघते, तुम्ही बोलूच देत न्हाई. कचेरीत जुन्या पहाणीपत्रकांचं कपाट हाय. हनीफ झाडतो तिथं. एक लाल रुमाल हाय, त्यात जमिनीचं कायबी न्हाई. त्यात मुर्दा हाय. रावसाहेब खान्याच्या सुट्टीत घेऊन बसतात. ओठ हलवत वाचतात. लिहितात बी."

आमच्या घरात रावसाहेब एकच.

हे आले. विचारलं. नाही म्हणाले नाहीत. टोपी काढून खुंटीला लावली, बसले, म्हणाले, "मी परवा म्हणालो होतो. मागचा का पुढचा, तू विचारलं नाहीस."

माझाच शब्द. माझाच लाल रुमाल. माझ्याच वहीतून, माझ्याच ट्रंकेतून काढलेले. किल्ली मीच यांच्या गळ्यात बांधली होती.

मी म्हटलं, का पण. तर म्हणाले, "तहसीलदार वाचतील. टक्कल वाचतील, किल्ली वाचतील. मी कचेरीत बसू कसा?" मी म्हटलं, पात्र काल्पनिक आहे. यांनी नुसती मान खाली घातली. टक्कल दिव्याच्या उजेडात आलं.

मग वर न बघताच म्हणाले, "याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघतच नाही. घरात असला काय, नसला काय." शब्दन् शब्द पाठ. म्हणाले, "वाचायला तूच शिकवलंस."

मी म्हटलं, माझं नाव आलं असतं हो पुस्तकावर.   बशीतला चहा तसाच निवला.

१२ नोव्हेंबर. दुपार.
हे कचेरीत जाताना रुमाल पाटावर ठेवून गेले. उघडला. फाडायचाच म्हणून उघडला.

पानं माझीच. शेवटचं प्रकरण माझं नाही. माझ्या चौदा पानांच्या जागी यांची चौदा पानं. अक्षर ओळखीचं, र अजून उर्दूसारखा कलतो, पाटीवर कितीदा पुसायला लावला होता. कारकून निर्दोष सुटतो. खुनी त्याची बायको. दिवसभर वहीत डोकं घालून बसलेली, शेजारीण, मोलकरीण, पोस्टमास्तर, सगळ्यांवर संशय घेणारी. तिच्यावर कुणाचा संशय जात नाही, कारण तीच सगळ्यांच्या नोंदी ठेवत असते. पकडली जाते ती स्वतःच्याच वहीमुळं. एका ठिकाणी 'परवा' लिहिलेलं असतं आणि तिलाच सांगता येत नाही, कुठला.

चूक शोधायला बसले. दोनदा मागं जाऊन पाहिलं. तिच्याविरुद्धचा प्रत्येक धागा पहिल्या प्रकरणापासून आहे. मीच लिहिलेला. अगदी २०९ पानापर्यंत खुनी मला ओळखता आली नाही.

संध्याकाळ.
हे विचारत होते, पुढच्या वर्षी स्पर्धा आहे का. आहे म्हटलं. वर नाव कुणाचं, ते यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. खुनी आम्हा दोघांतला कोण ठेवायचा, तेही.

या वेळी पोस्टात मी स्वतः जाणार. तोवर काय काय करायचं ते सगळं लिहून काढायचं, आणि ही वही यांच्या हाती लागता कामा नये. ट्रंक आहे. कुलूप आहे. किल्ली मागावी लागेल.