नमुन्याचं घर

३ मार्च, सोमवार

माझं टेबल जाणार. साहेब तसं म्हणाले नाहीत, "खिडकीजवळचं टेबल जरा मोकळं करून ठेवा" एवढंच म्हणाले. पण त्याचा अर्थ न कळायला मी काही कालची पोर नाही. बावीस वर्षं ह्या ऑफिसात बसून लोकांची घरं विकतेय. गेल्या पाच महिन्यांत एकाही मालकाने घर माझ्याकडे दिलं नाही. तिघे माझ्याशी बोलून गेले आणि तिघेही चष्मिषच्या पदरात पडले.

चष्मिष म्हणजे आमची नवी एजंट. सत्तावीस वर्षांची, चष्मा चेहऱ्यापेक्षा मोठा. मालकाच्या समोर टॅब उभा करते आणि बारा पानांत त्याचं घर असं दाखवते की तो स्वतःच्याच घराच्या प्रेमात पडतो. मी काय दाखवते? वही. आणि अनुभव — जो कुणाला दिसत नाही.

"महिनाअखेरपर्यंत एक तरी मालक प्रेझेंटेशनवर मिळवा," साहेब म्हणाले. "नाहीतर मग बघू."

हे 'मग बघू' मी ह्याआधी दोघांच्या बाबतीत ऐकलंय. दोघेही आता इथे नाहीत.

५ मार्च, बुधवार

चष्मिषच शिकवायला बसली. मुलगी चांगली आहे, मीच उगाच मनात अढी धरून होते.

"ताई, मालकाला तुमचा अनुभव नकोय. त्याला त्याचं घर विकलं गेल्यासारखं दिसायला हवंय."

पहिल्या पानावर घराचा फोटो. दुसऱ्यावर मालकाची अडचण, दोन-तीन ओळींत. मग आसपासची विकली गेलेली घरं, एकेक खोली, कुठल्या आठवड्यात आपण काय करणार, आणि शेवटी सहीची जागा. खोल्यांचे फोटो ती एका अ‍ॅपमध्ये टाकते आणि सामान पुसून टाकते. पलंग, कपाटं, खुर्चीवरचे कपडे — बोट फिरवलं की गायब! "लोकांना दुसऱ्याचं आयुष्य विकत घ्यायचं नसतं, ताई. खोली घ्यायची असते."

हात बसायला एखादं नमुन्याचं घर करा म्हणाली. कुणाचं आणू?

८ मार्च, शनिवार

बाबांचं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. किल्ली माझ्या पर्समध्येच असते. सकाळी ते फिरायला गेल्यावर आत शिरले, चाळीस मिनिटांत सगळे फोटो काढून बाहेर. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर आधी पडदे धुवायला निघाले असते, मग दाराची बिजागरी बदलली असती, आणि माझा महिना तिथेच संपला असता. सरावच तर करायचाय.

आईच्या खोलीत ती गेल्यापासून पहिल्यांदाच पाच मिनिटांहून जास्त थांबले. बाबांनी जन्मभर लोकांचं फर्निचर केलं, पण स्वतःच्या घरासाठी पलंग एकच केला — ती अंथरुणाला खिळल्यावर, डोक्याकडची बाजू उचलता येईल असा. दोन वर्षं ती त्यावर होती. आता ते झोपतात. चादर अजून तिच्यासारखीच चारी बाजूंनी घट्ट खोचतात.

घरी येऊन फोटो अ‍ॅपमध्ये टाकला. पलंग गेला. मागची भिंत अ‍ॅपने आपली आपणच भरून काढली, पांढरी स्वच्छ. फरशीभर ऊन. खोली खरंच मोठी दिसते. मग पुढचं पान करायला घेतलं.

१० मार्च, सोमवार

दुसरं पान अडलं होतं. शेवटी लिहिलं — 'मालक वयस्क, एकटेच राहतात. जिना चढवत नाही. घर आता झेपत नाही.'

चष्मिष म्हणाली, "वा ताई, अगदी खरं वाटतं."

११ मार्च, मंगळवार

नमुन्याची लिंक पाठवली. 'नवीन प्रेझेंटेशन तयार आहे, अवश्य पाहा' एवढंच लिहून. "निवडत बसू नका, कुणाला घर विकायचं असेल काय सांगावं, फोनमधल्या सगळ्यांना पाठवा," म्हणाली चष्मिष. गिऱ्हाइकं, गॅसवाला, शाळेतल्या मैत्रिणी, सगळे धरून चारशे बारा जण. कोण कोण त्यात होतं ते पाहिलंही नाही.

१३ मार्च, गुरुवार

त्रेसष्ट जणांनी उघडलं! कोण कुठल्या पानावर किती वेळ थांबलं हेसुद्धा कळतं. नाव नाही, नुसता नंबर. बहुतेक जण दोन पानं बघून पळाले. पण एक आहे, सतरा नंबरचा. पाच वेळा उघडलं. दुसऱ्या पानावर सहा मिनिटं, सहाव्यावर अठरा. सहावं म्हणजे आईची खोली.

"हा पक्का," चष्मिष म्हणाली. "घर मनाने घेतल्याशिवाय माणूस एका खोलीत इतका वेळ थांबत नाही." म्हटलं, अगं, घर विकायचंच नाहीये. "मग त्याला दुसरं दाखवू. वाट बघा, स्वतःच फोन करेल."

१४ मार्च, शुक्रवार

सतरा नंबर — आज चार वेळा. थेट सहावं पान.

१६ मार्च, रविवार

बाबांचा फोन. कधी नव्हे ते स्वतःहून!

"आज जिना तीनदा चढलो," म्हणाले.

म्हटलं, "उगाच कशाला?"

"नाही, चढता येतो. तेवढंच सांगायचं होतं." मग, "तुझं कामाचं बरं चाललंय ना?"

एरवी मी 'हो' म्हणून विषय संपवते. आज काय झालं कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. टेबलाचं, साहेबांच्या 'मग बघू'चं, महिनाअखेरपर्यंत एक तरी घर मिळायलाच हवं, नाहीतर एक्कावन्नाव्या वर्षी मला कोण दारात उभं करणार. बोलता बोलता रडायलाच आलं.

"मिळेल," बाबा म्हणाले. "तू नको काळजी करू."

बरं वाटलं. म्हातारपणी माणूस मऊ होतो.

१९ मार्च, बुधवार

मिळालं!

निवृत्त नर्सबाई. घर विकून बहिणीजवळ राहायला जायचंय. टॅब त्यांच्या साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. त्यांच्या घराची पानं त्यांनी भरभर पाहिली, पण "आधीचं काही काम दाखवा" म्हणाल्या म्हणून बाबांच्या घराचं काढलं, तर त्यावर बराच वेळ थांबल्या. "किती मायेने केलंय हो. स्वतःचंच घर असल्यासारखं." मी सहीचं पान पुढे केलं. त्यांनी सही केली.

साहेब म्हणाले, "बसा खिडकीजवळच." चष्मिषने सगळ्यांना आइस्क्रीम आणलं. मी दोन खाल्ली, साखर वाढलेली असून.

बाबांना फोन करायचा होता. घरी येईपर्यंत विसरूनच गेले.

२० मार्च, गुरुवार

आजही राहिलंच. शनिवारी जाणारच आहे म्हणा, समोरासमोर सांगेन.

२२ मार्च, शनिवार

लिहवत नाही. तरी लिहिते.

दार बाबांनीच उघडलं. शर्टाला चुन्याचे डाग. "ये, बघ जमलंय का," म्हणाले आणि सरळ आईच्या खोलीत घेऊन गेले.

खोली रिकामी. पलंग नाही, कपाट नाही, तिची औषधांची फळीसुद्धा नाही. पलंगामागची भिंत नवीन रंगवलेली, पांढरी स्वच्छ. फरशीभर ऊन. माझ्या फोटोत होतं अगदी तसं.

"तू लोकांना रिकामी दाखवलीस, म्हणजे रिकामी द्यायला हवी," बाबा म्हणाले. "दाखवायचं एक आणि द्यायचं भलतंच, असं मी कुठल्या गिऱ्हाइकाशी केलं नाही. तुला तरी का ऐकून घ्यावं लागावं?" मग खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि सहावं पान उघडून माझ्यापुढे धरलं. "हे बघून बघूनच केलं. खिडकीखालचा डाग तेवढा निघत नाहीये."

सतरा नंबर. मला वाटायचं, बाबांना फोन फक्त उचलता येतो.

पलंग समोरच्या शुश्रूषागृहाला दिला म्हणाले, लगेच एक बाई झोपलीसुद्धा त्यावर. स्वयंपाकघरात ओट्याखाली सतरंजीची गुंडाळी दिसली. तिथे झोपतात. तक्रार नाही, आवाज चढवणं नाही. फक्त एकदा, माझ्याकडे न बघता, "झेपत होतं गं अजून," म्हणाले. "पण तुझं टेबल राहायला हवं."

सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. चहा केला. प्यायलो. निघून आले. इतकी भित्री मी कधीच नव्हते.

२३ मार्च, रविवार

आज जाऊन सगळं सांगितलं. घर विकायचं नव्हतंच, नुसता नमुना होता, आणि मला घर मिळालंय — दुसरंच, बुधवारी.

बाबांनी त्या पांढऱ्या भिंतीवरून हात फिरवला.

"बुधवारी?" म्हणाले. "पलंग तर गुरुवारी गेला."